तो खड्डा उल्केचा की ज्वालामुखीचा?

प्रश्न : बुधाच्या एका छायाचित्रात खड्ड्याभोवती उजळ, लालसर वलय होतं आणि खाली ‘स्फोटक ज्वालामुखी’ असं लिहिलं होतं. बुधावर तर जिकडेतिकडे उल्कापाताचे खड्डे आहेत. मग हा वेगळा कशावरून?
– एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : बाई, शंका अगदी रास्त आहे. अशी छायाचित्रं पाहताना मी रंग मागाहून बघतो, आधी खड्ड्याची कड तपासतो. उल्का आदळली की खड्डा बहुधा गोल होतो आणि कड उचलली जाते. ज्वालामुखीच्या मुखाला तशी कड नसते आणि आकारही वेडावाकडा असतो. कॅलोरिस खोऱ्याच्या, म्हणजे बुधावरच्या एका प्रचंड आघात-खड्ड्याच्या, दक्षिण काठाजवळचं मुख तर काजूगरासारखं आहे.

उजळ वलय म्हणजे स्फोटातून उडालेली राख. सगळ्यात मोठं वलय राखमानिनोव्ह या दुसऱ्या खोऱ्याच्या ईशान्येला आहे. मुख सुमारे ३० किलोमीटर रुंद, तर राख पसरलीय सुमारे २६० किलोमीटर व्यासात, कडेला विरत विरत गेलेली. तिथे अडवायला हवा नाही, त्यामुळे प्रत्येक कण फेकलेल्या दगडासारखा, प्रक्षेपकाच्या सूत्राने उडतो. गुरुत्वत्वरण ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा, अंतर व्यासाच्या निम्मं, म्हणजे १३० किलोमीटर, कोन ४५ अंश : वेग येतो सेकंदाला जवळजवळ ७०० मीटर. हे गणित वर्गात जरूर घ्या, मुलांचे डोळे विस्फारतात.

एवढा वेग द्यायला शिलारसात भरपूर वायू हवा. आणि बुध सूर्याला इतका खेटून, म्हणजे सहज उडून जाणारी द्रव्यं त्याच्यात नावालाच असणार, असं कित्येक वर्षं मानलं जाई! २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाला पृष्ठभागावर चांगलं ४ टक्क्यांपर्यंत गंधक सापडलं. त्याहून मोलाची नोंद या राखेचीच : तिच्यात गंधक आणि कार्बन भोवतालच्या जमिनीपेक्षा कमी आहेत. स्फोटाच्या वेळी ते वायू होऊन निघून गेले असावेत. मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

मुखं पुष्कळदा जुन्या उल्काविवरांच्या तळाशीच असतात, कारण आघाताने भेगाळलेल्या खडकातून शिलारसाला वाट मिळते. म्हणून ‘विवरात आहे, म्हणजे उल्केचंच’ असं म्हणता येत नाही.

आणि उजळ दिसलं की राख, असंही नव्हे. बुधावर सपाट तळाचे उथळ खळगेही उजळ दिसतात. रंग वाढवलेल्या चित्रात मात्र ते निळसर असतात, राख लालसर.