झुकिनीची फळं बोटाएवढी होऊन गळतात? खत थांबवा, सकाळी लवकर उठा

पानं परातीएवढी झालीत, फुलंही रोज येतात, पण फळ बोटाएवढं झालं की टोकाकडून पिवळं पडून गळतं, मग कोणतं खत देऊ, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते कोणतंच नको. इतकी हिरवीगार पानं असलेलं झाड उपाशी नसतं. तुमच्या फळांना परागकण मिळत नाहीयेत.

झुकिनी भोपळ्याच्याच कुळातली. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असतं. मादी फुलाच्या मागे मुळातच छोटी झुकिनी असते, आणि इथेच सगळे फसतात. ते फळ धरलेलं नसतं, तो नुसता अंडाशय असतो. पराग पोचले तर तो वाढतो, नाहीतर दोन-चार दिवसांत सडतो. सुरुवातीला आठवडाभर नुसती नर फुलंच येऊन गळतात, त्याची काळजी करू नका. कडक उन्हाळ्यातही नर फुलांचं प्रमाण वाढतं.

मधमाश्या येत नसतील, विशेषतः उंचावरच्या गॅलरीत, तर हे काम आपणच करायचं. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणून सकाळी लवकर जा. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून हलकेच फिरवा. एका बाजूलाच पराग लागले तर फळ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होतं. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं सहज होतात. पावसात भिजलेलं फूल मात्र घेऊ नका.

आता कुंडीबद्दल. वीस लिटरच्या एका पिशवीत दोन झाडं लावल्याचं तुम्ही लिहिलंय, ही मात्र चूकच. वीस लिटर म्हणजे एका झाडाची किमान गरज. चाळीस असेल तर उत्तम. दोन झाडं असणं चांगलंच, कारण नर-मादी फुलं एकाच दिवशी मिळण्याची शक्यता वाढते, पण दोन कुंड्यांत. आता मुळं एकमेकांत गुंतली असतील, तेव्हा उपटून वेगळं करायला जाऊ नका, अशक्त झाड बुडाशी कापून टाका. जिवावर येतं, माहीत आहे. जमिनीत लावताना दोन झाडांत नव्वद सेंटिमीटर तरी सोडा. सहा ते आठ तास ऊन दोन्हीकडे हवंच.

खताच्या बाबतीत माझाही एकदा हात सैल सुटला होता. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं, पानांच्या छत्र्या झाल्या आणि महिनाभर खायला काही नाही. लावतानाच चांगलं कुजलेलं खत मिसळा. फुलं आल्यावर पालाश (पोटॅश) जास्त असलेलं द्रव खत पंधरा दिवसांनी, बस.

पाणी बुडाशी, सकाळी, भरपूर. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती सावरतात. न सावरली तर आधी मातीत बोट घालून बघा. फळ चांगलं वाढून मग टोकाला काळपट खोलगट डाग पडत असेल तर ते प्रकरण वेगळं: पाण्यात खंड पडतो, म्हणून कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पानांवर पांढरी पूड बसली तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. जुनी खालची पानं काढा, हवा खेळू द्या. काही जातींच्या पानांवर शिरांलगत चंदेरी ठिपके जन्मजातच असतात, ते पुसत बसू नका!

फळं धरू लागली की पंधरा-वीस सेंटिमीटरवरच, देठासकट, चाकूने कापा. एक-दोन दिवसांआड पानं उचलून खाली बघत जा. एखादं फळ नजरेतून सुटून हाताएवढं झालं की झाड सगळी ताकद त्याच्या बिया पोसण्यात घालतं आणि नवी मादी फुलं कमी येतात. असं सापडलं तर आधी ते कापा. आणि कापलेल्या फळाची चव कडू जहर लागली तर एक घासही खाऊ नका, शिजवूनही तो विषारी कडूपणा जात नाही.