बेळगावहून सायकलने पहिला घाट कुठला करावा: चोर्ला, आंबोली, तिलारी की अनमोड?

तुम्ही विचारलंय की बदली होऊन पुण्याहून बेळगावला आलोय, गियरची सायकल आहे, सपाटीवर 60-70 किलोमीटर आरामात होतात, तर आता इथला कुठला घाट आधी करावा. आणि पायी जाण्यासारख्या वाटा आहेत का.

सायकलने पहिला घाट आंबोली. पण नुसतं नाव घेऊन निघू नका, कारण बेळगावात घाटाचं गणित उलटं आहे. पुण्यात तुम्ही सिंहगड केला असेल. तिथे आधी चढायचं, दम संपला तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं, उतार घराकडेच असतो. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. कोकणात किंवा गोव्यात जायचं म्हणजे सकाळी ताज्या पायांनी उतरायचं आणि परतीला, पाय गळालेले असताना, दुपारच्या उन्हात तीच भिंत चढायची. उतरताना सगळेच शूर असतात. म्हणून इथे घाट निवडायचा तो दोन गोष्टींवर: तुमचे ब्रेक कसे आहेत आणि परत कसं येणार.

ब्रेकचं आधी बोलतो, कारण लोक गियरचीच चौकशी करतात. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून 90 किलो धरा. 700 मीटर उतरताना एवढ्या वजनातून जी ऊर्जा सुटते तिच्यावर दोन लिटर पाणी उकळेल. त्यातली काही वारा घेतो, उरलेली सगळी तुमच्या ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक असेल तर रिम तापते, आणि सतत ब्रेक दाबून धरायची सवय असेल तर खाली पोचेपर्यंत टायर फुटूही शकतो. डिस्क असेल तर पॅड चकचकीत होतात, जळका वास येतो आणि लिव्हर दाबूनही सायकल पुढे सरकत राहते. त्यामुळे ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग तोडायचा, मग सोडायचा, वळणात हात लावायचा नाही. दोन-तीन किलोमीटरला थांबून रिम गार होऊ द्यायची. निघण्याआधी पॅड बघून घ्या. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर कॉलेज रोडपर्यंतसुद्धा त्या ब्रेकवर जाऊ नका.

आता घाट. कुठला घाट किती तिरका हे तो कुणासाठी बांधला यावर ठरतं, असं माझं मत आहे. आंबोलीचा रस्ता इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला बंदरातला माल बैलगाड्यांनी वर आणायला केला. बेळगावात अजून त्या वाटेला वेंगुर्ला रोडच म्हणतात. भरल्या गाडीचा बैल ओढू शकेल एवढाच चढ ठेवायचा, म्हणून आंबोली कुठेही अंगावर येत नाही, एकसारखी चढत राहते. तिलारी घाटाचा रस्ता मात्र जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी झाला. तिथे हिशोब बैलाचा नव्हता, इंजिनाचा होता. त्यामुळे उतार तीव्र, वळणं आवळलेली, आणि जयकर पॉइंटला तर वर येणारी गाडी पहिल्या गियरमध्ये कशी कण्हते ते कानानेच कळतं. दृश्य सुंदर आहे, वाद नाही. पण उतरायला तिलारी पहिला घाट म्हणून कधीच घेऊ नका. पुढे कधीतरी खालच्या दोडामार्गाकडून चढून या. चढताना तिलारी फक्त दमवते, उतरताना तिला चुका चालत नाहीत.

अनमोड मी सायकलवाल्यांना सुचवत नाही. खानापूर, लोंढा, रामनगर इथपर्यंत ठीक आहे, पण पुढे मोलेपर्यंत ट्रकच ट्रक. धूर खायला गोव्याला जायची काय गरज?

चोर्ला वेगळा विषय आहे. पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी करत घाटमाथ्यावरचं कणकुंबी साधारण 45 किलोमीटर. आंबोलीच्या आधी तालीम म्हणून एवढंच करा: कणकुंबीपर्यंत जा आणि परत या, घाट उतरू नका. रस्ता सतत वरखाली आहे, तेवढ्यात पायांची परीक्षा होते. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. तिथलं पाणी पूर्वेला कृष्णेत जातं आणि बंगालच्या उपसागराला मिळतं. तिथून थोडंसं पश्चिमेला पडलेला पाऊस मात्र म्हादई नदीतून पणजीजवळ अरबी समुद्रात जातो. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा इतकी वर्षं का भांडतायत ते नकाशापेक्षा या माथ्यावर उभं राहिलं की पटकन उमगतं. चोर्ल्यातून खाली गोव्यातल्या साखळी गावाला उतरणं दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. रस्त्याची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते, म्हणून जांबोटीत टपरीवर चहा घेताना गोव्याहून येणाऱ्या गाडीवाल्याला विचारा. त्याच्यासारखी ताजी बातमी मोबाईलवर मिळत नाही.

आंबोलीचा बेत मी असा सांगेन. शनिवारी उजाडताना निघा. हिंडलगा, तुरमुरी, बाची, मग शिनोळीला महाराष्ट्र लागतो. दुकानाच्या पाट्या कन्नडातून मराठीत येतात, बोलणं दोन्हीकडे तेच. पाटणे फाट्यावरून कानूरकडे जाताना रस्ता हलके वरखाली होतो. आंबोली 65-70 किलोमीटर पडते. तिथेच मुक्काम करा. रविवारी पहाटे सामान खोलीवर ठेवून फक्त पाणी आणि पंक्चरचं साहित्य घेऊन दाणोलीपर्यंत उतरा, चहा प्या आणि लगेच वर चढा. आंबोली 690 मीटरवर आहे. सरासरी पाच टक्के चढ धरला तर तासाला सहा-सात किलोमीटरच्या चालीने दोन तास सहज लागतात. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी यांचे दात जवळजवळ सारखे असतील तर बसून चढता येईल. नसतील तर उतरून ढकला, आंबोलीत कुणी हसत नाही. ऊन तापायच्या आत वर याल, नाश्ता कराल आणि दुपारनंतर निवांत बेळगावकडे निघाल. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मात्र हा बेत नको. धबधब्यापाशी मोटारी आणि माणसं इतकी असतात की सायकल हातात धरून चालावं लागतं, शिवाय दरडीची भीती. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम.

पायी वाटांबद्दल. पारगड आधी करा. चंदगड तालुक्यातला हा किल्ला शिवरायांनी तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा याच्या हाती दिला होता, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. गाडीने पायथ्यापर्यंत जाऊन पायऱ्या चढता येतात, पण खरी मजा खालून मोर्ल्याहून जुन्या वाटेने चढण्यात आहे. गावातलं कुणीतरी सोबत घ्या, कारण रानात ढोरवाटा फुटतात आणि त्यातली किल्ल्याची कुठली ते बाहेरच्याला ओळखू येत नाही. भीमगडाचं नाव तुम्ही ऐकाल. ते 2011 पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं एक वटवाघूळ राहतं, तिकडे तर फिरकूच नका. कॅसलरॉकहून रुळावरून दूधसागरला चालत जाण्याचे व्हिडिओ अजून फिरतात. ते बेकायदा आहे आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते.

दोन गोष्टी मात्र गांभीर्याने घ्या. चंदगड आणि दोडामार्ग भागात रानहत्ती वावरतात, दांडेलीकडून वीसेक वर्षांपूर्वी आले आणि राहिले. तिलारीच्या बाजूला अंधारात सायकल चालवू नका, आणि केळी-फणसाच्या बागेजवळ ताजी लीद दिसली तर परत फिरा. दुसरं, गोव्यातल्या सत्तरीत आणि दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो गोचिडीतून पसरतो, जोर हिवाळा-उन्हाळ्यात. माकड मेलेलं दिसेल तिथे थांबू नका, पालापाचोळ्यावर बसू नका, पायमोजे पॅन्टवर ओढा आणि घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे नीट तपासा. रानातून आल्यावर आठवड्याभरात ताप भरला तर डॉक्टरला कुठे गेला होता ते आधी सांगा.

आणि चोर्ला उतरून गोव्यात गेलात आणि चढायची इच्छा उरली नाही, तर मडगावला जा. तिथून लोंढामार्गे बेळगावला रेल्वेगाडी मिळते. सायकल सामानाच्या डब्यात बुक करावी लागते, त्यासाठी गाडीच्या तास-दीड तास आधी पार्सल ऑफिसात पोचा, पेडल काढून ठेवा आणि गियरच्या बाजूला पुठ्ठा बांधा. कुळे ते कॅसलरॉक हा रेल्वेचा चढ 1:37 आहे, म्हणजे तीन टक्क्यांपेक्षाही कमी, आणि तेवढ्यालाही गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. डब्यात बसून ते बघताना स्वतःच्या पायांबद्दल बरं वाटतं.