माद्रिदला निघालात? आधी पॉलिसी उघडा

सुट्ट्यांचं बुकिंग सुरू झालं की माद्रिदबद्दलचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. कुणी आतेभावाकडून काहीतरी ऐकलेलं असतं, कुणी रीलवर पाहिलेलं असतं, आणि ऐकलेल्यातलं निम्मं चुकीचं असतं. या वेळी निवडक प्रश्नांना उत्तरं देतो आहे. नावं गाळली आहेत.

प्रादो संग्रहालय सोमवारी बंद असतं असं कळलं. आमचा पहिला दिवस नेमका सोमवार आहे. (सांगली)

उघडं असतं. मंगळवारी बंद असतं ते रेइना सोफिया, दुसरं संग्रहालय.

व्हिसाऐवजी एटियास नावाचा ऑनलाइन परवाना काढला तरी चालतं, असं एजंट म्हणतो. दोघांचे सहा हजार मागतोय. (नागपूर)

चालत नाही. ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतच नाही, अशा देशांच्या नागरिकांसाठी तो परवाना आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. पैसे खिशात ठेवा आणि एजंट बदला.

चार आठवड्यांनी सहा दिवसांसाठी माद्रिदला निघायचंय, तिकिटं सहा महिन्यांपूर्वीच काढलीत. स्पेनच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नाही. दुसऱ्या देशाचा व्हिसा काढून थेट माद्रिदला उतरा, शेंगेन म्हणजे सगळं एकच, असा सल्ला मिळाला. काय करू? (पिंपरी)

तिकिटं सहा महिन्यांपूर्वी काढलीत ना? व्हिसाचा अर्जही प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा का केला नाही, हे विचारून आता उपयोग नाही, म्हणून विचारत नाही.

नियम साधा आहे. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखेच असतील, तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. तुमचे सहाही दिवस माद्रिदचे आहेत, म्हणजे अर्ज स्पेनकडेच. दुसऱ्या देशाची खोटी हॉटेलं दाखवून मिळवलेला व्हिसा विमानतळावर रद्द होऊ शकतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचं उत्तर देत बसावं लागतं. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, कागद अपुरे असतील तर पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो. अपॉइंटमेंट विकणाऱ्यांच्या नादी न लागता अधिकृत केंद्राच्या साइटवर रोज सकाळी बघा, मुंबईच्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाला लेखी विचारा, आणि तारीख पुढे ढकलता येते का हे एअरलाइनला आजच विचारा. आज म्हणजे आज.

दोनच दिवस आहेत. प्रादो, रेइना सोफिया आणि थिसेन ही तिन्ही एका दिवसात, तीही फुकटच्या वेळेत कशी बसवू? सोबत दोन मुलं आहेत, १२ आणि १५ वर्षांची. (ठाणे)

बसवू नका.

प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात फुकट असतं. रांग त्याच्या बरीच आधी लागते. दोन तासांतला मोठा भाग रांगेत आणि बॅगतपासणीत गेला, तर वाचवलं काय? शिवाय १८ वर्षांखालच्यांना तिथे तिकीटच नाही, म्हणजे तुमची बचत फक्त दोघांची. सकाळी दहाची वेळ ठरवून तिकीट काढा आणि आत गेल्यावर मोजकंच बघा.

वेलाझ्केझचं ‘लास मेनिनास’, १६५६ सालचं. सगळे मधल्या छोट्या राजकन्येकडे बघतात. मुलांना मागच्या भिंतीवरचा आरसा शोधायला सांगा, त्यात राजाराणी दिसतात. मग डावीकडे स्वतः चित्रकार उभा आहे, त्याच्या छातीवरचा लाल क्रॉस बघायला सांगा. तो मान त्याला चित्र पूर्ण झाल्यावर तीन वर्षांनी मिळाला, म्हणजे क्रॉस नंतर रंगवलेला आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे सांगितलंत की तो पुढची पाच मिनिटं तिथून हलत नाही. तिथून खाली उतरून गोयाची काळी चित्रं. ही त्याने कुणासाठी काढली नव्हती. म्हातारपणी, बहिरा झालेला असताना, घराच्या भिंतींवर रंगवली होती. पुढे ती भिंतींवरून कॅनव्हासवर उतरवली गेली. त्यातला कुत्रा चुकवू नका: नुसतं डोकं दिसतं, वर सगळी रिकामी पिवळट जागा. स्वतःच्या मुलाला खाणारा सॅटर्नही तिथेच आहे. बारा वर्षांच्या मुलाला तो दाखवायचा का, हे तुम्ही ठरवा.

प्रादोत फोटो काढायला बंदी आहे. “एकच काढतो” चालत नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवार नसेल तर, रेइना सोफियात ‘ग्वेर्निका’. १९३७ च्या एप्रिलमध्ये ग्वेर्निका या स्पॅनिश गावावर बॉम्ब पडले आणि त्याच वर्षी पिकासोने हे पावणेआठ मीटर रुंद चित्र पॅरिसच्या प्रदर्शनासाठी काढलं. नंतर ते अनेक वर्षं न्यूयॉर्कला होतं, स्पेनला आलं १९८१ मध्ये, हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर. त्याच्यासमोर अर्धा तास द्या. थिसेन पुढच्या खेपेला. वेळा आणि दर बदलतात, निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या साइटवर खात्री करा, माझ्यावर विसंबू नका.

आम्ही दोघी बहिणी, २६ आणि २९. क्लबला जायचंय. साडेनऊपर्यंत पोचून बाराला परत येऊ, हे सुरक्षित आहे ना? पुएर्ता देल सोल चौकात फुकट एंट्रीचे पास वाटतात म्हणे. (पुणे)

साडेनऊला माद्रिदचे लोक जेवायला बसतात. क्लब बाराच्या आसपास उघडतात, रंगतात दीड-दोनला आणि चालतात पहाटेपर्यंत. बाराला परत यायचं असेल, तर क्लब सोडा आणि ला लातिनातल्या कावा बाखा रस्त्यावर एकेक तापास (छोट्या डिश) खात फिरा. त्यातही मजा कमी नाही. मालासान्या भागात जा. फ्रँको १९७५ मध्ये गेल्यावर शहराने मोकळा श्वास घेतला, गाणी-सिनेमा-कपडे सगळ्यांत जी खळबळ उडाली, तिचं हे माहेर. आज मात्र बराच भाग पर्यटकांसाठी सजवलेला आहे.

मेट्रो साधारण रात्री दीडला थांबते आणि सकाळी सहाला सुरू होते. मध्ये सिबेलेस चौकातून रात्रीच्या बस सुटतात. एकट्या पडलात तर अधिकृत टॅक्सी: पांढरी, दारावर तिरपा लाल पट्टा. पास वाटणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. फुकट एंट्रीची वसुली आतल्या हलक्या दारूवर होते. कुठे जायचं ते दुपारीच ठरवा, क्लबच्या स्वतःच्या साइटवर तिकीट काढा, त्यात बहुधा एक ड्रिंक धरलेलं असतं. ग्लास हातातून सोडायचा नाही. रस्त्यावर बाटली घेऊन बसलात तर दंड होतो. संकटात ११२.

वडील ६७, डायबेटिस आणि बीपी. आम्ही नवरा-बायको रात्री थोडं फिरू. एजंटने व्हिसासाठी जी पॉलिसी दिली, तिच्यात “सगळं कव्हर आहे” म्हणाला. ३०,००० युरोची आहे. पुरे ना? (कोल्हापूर)

या प्रश्नासाठी मी बाकीच्यांची जागा कमी केली आहे.

३०,००० युरो ही व्हिसाची किमान अट आहे. दूतावासातला अधिकारी प्रमाणपत्रावर रक्कम, तारखा आणि ‘संपूर्ण शेंगेन क्षेत्र’ एवढंच बघतो. तुमच्या वडिलांची शुगर त्याला दिसत नाही. ती दिसते क्लेम तपासणाऱ्याला. व्हिसा मिळाला म्हणजे पॉलिसी चांगली, हा समज कुणी पसरवला ते माहीत नाही, पण दर महिन्याला माझ्याकडे येतो.

एजंटने तुम्हाला दिला असेल दोन पानांचा कागद. खरी पॉलिसी वीस-तीस पानांची असते आणि अपवाद बारीक टाइपात असतात. आधीपासून असलेले आजार अनेक पॉलिसींत एकतर वगळलेले असतात किंवा जिवावर बेतलं तरच, तेही ठरावीक रकमेपर्यंत धरतात. साठीच्या पुढच्यांसाठी खोलीचं भाडं, सर्जनची फी यांवर वेगळ्या मर्यादा असतात, आणि एकूण रकमेचा आकडा मोठा दिसत असताना हाताला लागतं ते भलतंच. डायबेटिस अर्जात लिहिलाय का? एजंटने ‘नाही’वर टिक करून प्रीमियम कमी दाखवला असेल, तर ती पॉलिसी नसल्यातच जमा धरा.

आता तुमच्या रात्रीच्या ‘थोडं फिरू’बद्दल. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास-विम्यांत दारूच्या अमलाखाली झालेला अपघात वगळलेला असतो. तीन ग्लास सांग्रिया, दगडी पायऱ्या, मोडलेला घोटा. दवाखान्याच्या रिपोर्टात दारूची नोंद झाली की पुढचा पत्रव्यवहार मला पाठ आहे. पिऊ नका असं मी म्हणत नाही. माद्रिदला जाऊन लिंबूसरबत पीत बसा असं कोण सांगेल? पण हे वाक्य आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे माहीत असू द्या.

कंपनीला आजच ईमेल करा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळे ‘हो सर’ म्हणतात. जाहीर केलेल्या डायबेटिसमुळे दाखल व्हावं लागलं तर किती देणार, मद्यपानाबद्दलचं कलम नेमकं काय आहे, आणि बिलातली पहिली किती रक्कम आम्ही भरायची, हे विचारा. उत्तराची प्रिंट ठेवा. दाखल होण्यापूर्वी त्यांच्या मदत-क्रमांकावर कळवणं बहुधा सक्तीचं असतं. तो नंबर वडिलांच्याही फोनमध्ये घाला. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. जुलैत जाणार असाल तर माद्रिदचा पारा ४० च्या आसपास जाऊ शकतो. वडिलांना न्यावं की नाही, ते मी सांगणार नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

शुद्ध शाकाहारी आहोत. अडचण येईल? (जळगाव)

येईल, पण उपाशी राहणार नाही. नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, सॅलडवर टूना आणि सूपवर हॅमचे तुकडे येऊ शकतात. दोन्हींची नावं घेऊन नको सांगा. तळलेल्या पाद्रोन मिरच्या, गार गाझपाचो सूप आणि पिस्तो ही भाज्यांची परतवणी मागा, पिस्तोवर अंडं नको म्हणायचं. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं आम्लेट, त्यात अंडं असतंच. लाव्हापिएस भागात भारतीय हॉटेलं आहेत. कडक पथ्य असेल तर त्याच तेलात मांस-मासे तळतात का, हेही विचारा.

पासपोर्ट चोरीला गेला तर? (सातारा)

पोलिसांत लेखी तक्रार, मग माद्रिदमधली भारतीय वकिलात. त्याआधी रविवारच्या एल रास्त्रो बाजारात आणि सोलच्या मेट्रोत मागच्या खिशात काही ठेवू नका. रोजमेरीची काडी हातात कोंबणाऱ्या बाईला ‘नो’ म्हणा आणि चालत राहा.

एका दिवसात टोलेडो होतं का? (छत्रपती संभाजीनगर)

होतं. अतोचा स्थानकातून वेगवान गाडीने जेमतेम अर्धा तास. एल ग्रेकोचं ‘काउंट ऑर्गाझचा दफनविधी’ सान्तो तोमे चर्चमध्ये आहे, त्याच्यासाठी जा. परतीचं तिकीट जातानाच काढा, शनिवार-रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरतात.