पहिल्याच फेरीत तगडा समोर आला तर

प्रिय मित्रा,

बुद्धिबळाच्या २०० जणांच्या स्विस स्पर्धेत (हरलं तरी बाहेर पडत नाही, पुढच्या फेऱ्यांत जवळपास तेवढ्याच गुणांच्या खेळाडूशी जोडी लागते) रेटिंगनुसार तुझा नंबर १४० असेल, तर पहिल्या फेरीत समोर ४० नंबरवाला येतो. वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी, अशीच जोडी लागते. तुझं रेटिंग १५०० आणि त्याचं १९०० धरू. के-फॅक्टर (एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असेल तर हरल्यावर तुझे रेटिंगचे ३.२ गुण जातात, बरोबरीत मात्र १६.८ येतात. घाबरायचं कुणी?

तरीही बरेच जण बरोबरीच्या आशेनं पट रिकामा करत सुटतात. फ्रेंच डिफेन्स या सुरुवातीत तिसऱ्याच खेळीला डी५ या घरावर प्यादं मारायचं, मग उभ्या ई पट्टीत हत्ती आणि त्यामागून वजीर एक्सचेंज करायचे, म्हणजे मारामारीत अदलाबदल. फसगत इथेच होते. मोहरे कमी झाले की राजा कुठे न्यायचा, कोणतं प्यादं आधी ढकलायचं, हे प्रश्न उरतात आणि त्यातच तो तुझ्यापेक्षा पक्का असतो. म्हणून प्रत्येक एक्सचेंजआधी बघ, पटावर उरणाऱ्यांत चांगला मोहरा कुणाचा? त्याचा असेल तर मारू नकोस.

मोजके मोहरे उरल्यावरचा एक शेवट मात्र घोटून ठेव. त्याच्याकडे राजा, हत्ती आणि ई५ वर प्यादं. तुझा राजा ई८ वर, हत्ती ए६ वर. हत्ती सहाव्या रांगेतच इकडेतिकडे हलवत राहा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे घुसता येत नाही. प्यादं ई६ वर आलं की हत्ती थेट ए१ ला ने आणि मागून शह देत राहा. आता त्याच्या राजाला प्याद्याचा आडोसा नसतो. पोरं कंटाळून आधीच रांग सोडतात, आणि हातची बरोबरी जाते.

घड्याळात ९० मिनिटं, वर दर खेळीला ३० सेकंद. तो भराभर खेळतो म्हणून तूही तसाच खेळलास आणि पंधराव्या खेळीला तुझी ८५ मिनिटं शिल्लक असली, तर ती कौतुकाची गोष्ट नव्हे. त्यानं प्यादं फुकट सोडलं तर ‘यात काहीतरी असणार’ म्हणून पळू नकोस. तीन खेळ्या मोजून बघ, धोका दिसला नाही तर खा. मोठेही चुकतात.

तुझ्या पुढच्या खेळीनं तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर ती पटावर खेळू नकोस. आधी कागदावर लिही, घड्याळ थांबव आणि आर्बिटरला (पंचाला) बोलावून बरोबरी माग. समोरच्याला बरोबरी विचारायचीच झाली तर खेळी करून, घड्याळ दाबण्याआधी विचार. तो नाही म्हणाला तर लगेच पुन्हा विचारू नकोस; सतत विचारणं हा त्रास देणं धरला जातो.

तुझा,
मार्गदर्शक