अकरा दिवस मोबाइल गप्प

प्रश्न : आम्ही अकरा दिवस बाहेरगावी होतो. घरातल्या अलार्मच्या सूचना माझ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये येतात. पहिल्या दोन दिवसांत ‘हॉलमध्ये हालचाल’ अशा सात-आठ सूचना आल्या. भावाने जाऊन पाहिलं, तर कोणी नव्हतं. नंतर सगळं शांत झालं आणि मी निर्धास्त झाले. परतल्यावर कळलं, की तिसऱ्या दिवशी वीज जाऊन आली आणि तेव्हापासून राउटर अडकून पडला होता. सायरन मात्र व्यवस्थित वाजतो. नवी सिस्टीम घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. तुमची सिस्टीम जागीच होती, फक्त तिची वाचा बसली होती.

पॅनलच्या, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीच्या, पोटात बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी सेन्सर आणि सायरन चालू राहतात. राउटरला मात्र बॅटरी नव्हती, आणि निरोप तर त्याच्याच मार्गाने बाहेर पडायचा. राउटरला छोटा बॅकअप लावा. शिवाय पॅनलमध्ये सिमकार्डची जागा आहे का, तेही बघा. असेल तर वाय-फाय बंद पडल्यावर निरोप मोबाइल नेटवर्कवरून जातो. पॅनल जुनं असेल तर ते फक्त टूजीवर चालणारं नाही ना, याची खात्री करा; बऱ्याच देशांत टूजी बंद झालंय. आणि त्या सिमचा रिचार्ज लक्षात ठेवा. इतकी वर्षं लोकांकडे पॅनल बसवतोय, पण माझ्याच घरच्या सिमची मुदत संपून दोन महिने झाले होते, हे मला असंच एकदा चाचणी करताना कळलं.

तरीही खरा घोळ वेगळाच आहे. तुम्ही शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावला. पॅनलची वाचा गेल्यावरही शांतताच असते. पुष्कळ पॅनलमध्ये रोज ठरलेल्या वेळी ‘चालू आहे’ असा मेसेज पाठवायची सोय असते. ती जरूर लावा, पण तिच्यावर विसंबू नका. न आलेला मेसेज माणसाच्या लक्षात येत नाही. त्याहून उपयोगी ती ‘पॅनल ऑफलाइन’ ही सूचना. ती तुमच्या घरातून निघतच नाही. पॅनलची नेहमीची हजेरी लागली नाही, की अ‍ॅपचा सर्व्हर ती पाठवतो, त्यामुळे घर मुकं झालं तरी ती पोचते. सेटिंगमध्ये ती बंद आहे का बघा. खोट्या सूचनांना कंटाळून लोक सरसकट सगळंच बंद करतात.

त्या सात-आठ सूचनांच्या वेळाही तपासा. हालचालीचा सेन्सर माणूस ओळखत नाही, समोरच्या उष्णतेतला बदल ओळखतो. ठरावीक दुपारीच आल्या असतील, तर उन्हाने तापलेला पडदा हलत असणार. रात्री कधीही आल्या असतील, तर सेन्सरच्याच तोंडावर फिरणारा किडा किंवा कोळी. सेन्सरची संवेदनशीलता लगेच कमी करू नका. आधी तो पुसा, नाहीतर खिडकीकडून त्याचं तोंड वळवा.

फोनच्या बाजूची दोन कामं : अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळा, आणि घरफोडीसाठी सूचनेबरोबर फोन कॉलही लावा. रात्री फोन सायलेंट असेल, तर त्या नंबराला ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून सूट द्या. अ‍ॅपमध्ये सेन्सरला ‘झोन 03’ऐवजी ‘मागचं दार’ असं नाव घाला. एसएमएस देवनागरीत हवा असेल तर नावं आखूड ठेवा : रोमनमध्ये एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात.

सगळं झालं, की राउटरची वायर काढा, सिस्टीम आर्म करा, म्हणजे पहाऱ्यावर लावा, बाहेर जा आणि बाहेर पडण्यासाठीचा ठरलेला वेळ गेल्यावर दार उघडा. दोन-तीन मिनिटांत मोबाइल वाजला नाही, तर सिमपासून सुरुवात करा. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा, सायरन खराच वाजणार आहे.