जुनी डिझेल एसयूव्ही घेण्याआधी दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज

प्रश्न : कोल्हापूरच्या एका मालकाकडून २०१८ सालची डिझेल एसयूव्ही घेण्याचा विचार आहे. पुढे दुरुस्तीवर किती खर्च होईल, हे आधी कसे ओळखावे?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : रात्रभर बंद राहिलेली गाडी सकाळी थंड इंजिनावर स्वतः सुरू करून पाहावी, मालकाने ती आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू होण्यास लागणारा जास्त वेळ, निळसर धूर, किंवा ऑइलचे झाकण काढल्यावर जोराने बाहेर येणारा वायू यांवरून इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग), टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) वा पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीची कडी) यांची झीज झाल्याची शंका घेता येते, आणि या तिन्ही दुरुस्त्या महागड्या असतात. त्यानंतर गाडी निपाणीजवळच्या तवंदी घाटात न्यावी. चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे असे समजावे. काही डिझेल गाड्यांत क्लचबरोबर फ्लायव्हीलही (क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचे जड चाक) बदलावे लागत असल्याने बिल बरेच फुगते. इंजिनाला टायमिंग बेल्ट (आतील भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असल्यास तो बदलल्याची पावती मागावी, तोंडी ग्वाही पुरेशी नाही. या सर्व कामांचे लेखी अंदाजपत्रक ओळखीच्या मेकॅनिककडून घेऊन ती रक्कम सौद्यातून वजा करावी.

गाडीची नोंदणी महाराष्ट्राची आणि निपाणी कर्नाटकात असल्याने महाराष्ट्रातील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि कर्नाटकातील आजीवन कर हाही हिशेब धरावा. अनेकदा स्वस्त वाटलेला सौदा इथेच महाग पडतो.