स्मार्ट मीटर: एका आदेशावर किती घरं अंधारात?

"माझ्या मीटरमध्ये कोणी घुसलं तर?" स्मार्ट मीटरच्या निविदेच्या निमित्ताने तुम्ही विचारलेला हा प्रश्न. खरं सांगू? फारसं काही नाही. बिल चुकेल, लाइट जाईल, कोणीतरी येऊन मीटर बदलून जाईल. देशभर मीटर बसवणाऱ्यांची झोप उडते ती दुसऱ्याच प्रश्नाने: एका चावीने (म्हणजे मीटरला आदेश पटवणाऱ्या गुप्त कोडने), एका लॉगिनने किंवा एका चुकलेल्या आदेशाने एकदम किती घरं बंद पडतील?

स्मार्ट मीटर म्हणजे नुसता रीडिंग पाठवणारा डबा नव्हे. बऱ्याच मीटरांत दुरून वीज तोडायचा स्विचही असतो. बिल थकलं की माणूस पाठवायला नको, ही त्यामागची सोय. केंब्रिजचे सुरक्षा संशोधक रॉस अँडरसन आणि शैलेंद्र फुलोरिया यांनी 2010 मध्येच या स्विचवर बोट ठेवलं होतं. लाखो घरांचा भार एका क्षणात उतरला तर ग्रिडची, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी (विजेचा ठरलेला ठेका) उसळते, एकदम परत आला तर खाली येते. मग ज्यांच्याकडे साधा मीटर आहे त्यांचीही वीज जाऊ शकते.

याला हॅकर लागतोच असंही नाही. ऑगस्ट 2020 मध्ये, ऐन जन्माष्टमीला, उत्तर प्रदेशात लाखाहून जास्त स्मार्ट मीटरवाल्यांची वीज एकदम गेली. वीज तोडायचा आदेश यंत्रणेतूनच गेला होता. मीटरांनी तो इमानेइतबारे पाळला.

आता चाव्या. 2014 मध्ये स्पेनच्या दोन संशोधकांनी तिथला मीटर उघडून त्याच्या मेमरीतून एन्क्रिप्शनच्या चाव्या काढून दाखवल्या. मीटर लोकांच्या भिंतीवर असतो, तो कोणीतरी उघडणारच, हे धरूनच चालायचं. प्रत्येक मीटरची चावी वेगळी असेल तर चोराच्या हाती एक मीटर लागतो. सगळ्यांची एकच असेल तर अख्खा देश. मी एका चाचणी प्रकल्पावर होतो तिथे ऑप्टिकल पोर्टचा (मीटरला समोरून यंत्र जोडायच्या जागेचा) पासवर्ड सगळ्या लॉटला एकच होता, आणि तो खोक्याच्या झाकणावर आतून मार्करने लिहिलेला! बसवणाऱ्या पोरांना रोज फोन करून विचारायला नको म्हणून. त्यांचं तरी काय चुकलं?

या बाबतीत मला ब्रिटनची रचना पटते. तिथे मधली संस्था निरोप पोचवते, पण वीज तोडण्यासारखा नाजूक आदेश तिला एकटीला देता येत नाही. वीज कंपनी मागणी करते, मधली यंत्रणा ती मीटरच्या भाषेत लिहून परत पाठवते. मग कंपनी स्वतःच्या वेगळ्या सॉफ्टवेअरने तपासते की आपण मागितलं तेच यात लिहिलंय ना, आणि मगच डिजिटल सही करते. वीज कंपनीची सही आणि मधल्या यंत्रणेची खूण, दोन्ही मीटर पडताळतो. एकाचं सर्व्हर फुटलं तरी दुसरा अडसर उरतो. शिवाय ठरलेल्या वेळात किती आदेश जाणं स्वाभाविक आहे याची मर्यादा आधीच घालून ठेवलेली असते. रोज शेकड्यांत जाणारे आदेश अचानक लाखांत गेले तर ते अडकवून ठेवायचे आणि माणसाने बघायचं. चाव्या-सह्यांच्या सगळ्या क्रिप्टोग्राफीपेक्षा मला हा साधा हिशेब जास्त मोलाचा वाटतो, कारण तो हॅकरलाही अडवतो आणि झोपेत बटण दाबणाऱ्यालाही.

फर्मवेअरचंही, म्हणजे मीटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचंही, तेच: सही असलेलंच चालवायचं, आधी थोड्या मीटरांवर, मग टप्प्याटप्प्याने. मीटर भिंतीवर दहा-पंधरा वर्षं राहतो, तेव्हा चाव्या आणि अल्गोरिदम दुरून बदलता यायलाच हवेत. खाजगीपणाचा मुद्दा वेगळा आणि मोठा आहे. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये सक्तीचे मीटर त्याच कारणाने अडवले होते. त्यावर स्वतंत्र लिहीन.

तुम्ही निविदेची कागदपत्रं बघणार आहात म्हणून शेवटी एकच: वीज तोडायच्या आदेशाबद्दल सगळे विचारतात, जोडायच्या आदेशाबद्दल विचारा. चांगल्या रचनेत दुरून फक्त परवानगी मिळते, वीज सुरू होते ती घरातल्याने मीटरवरचं बटण दाबल्यावर. चालू राहिलेली इस्त्री रिकाम्या घरात आपोआप तापत नाही, आणि लाख घरं एकाच सेकंदाला ग्रिडवर येत नाहीत.